एकाचा सात

सिस्टर एर्मेलिंदा एक असा लिहितात
की तो खांद्यावर कोयती घेऊन उभा असतो.
जुन्या पोर्तुगीज शाळेचं वळण.
त्यांचा सात वेगळा, पोटात आडवी रेघ मारलेला.
काणकोणात हे सगळ्यांना ठाऊक आहे.
मला नव्हतं.
मी बांबोळीला, तिसऱ्या मजल्यावर,
गावांतून आलेल्या चिठ्ठ्या संगणकात भरते.

गोकुळी वेळीप. वय सेहेचाळीस. राहणार खोला.
डाव्या स्तनात गाठ, दोन पूर्णांक एक सेंटिमीटर.
फोन नंबरात शेवटून तिसरा आकडा एक.
मी सात भरला.
आकड्यांच्या बटणांत एक आणि सात यांच्यामध्ये
फक्त चार असतो.

तपासणी वेळेवर झाली, हे लिहून ठेवते.
तुकडा मंगळवारी आला, मेणात बसला,
केसाहून पातळ कापला गेला,
गुलाबी-जांभळा रंगला,
आणि शुक्रवारी डॉक्टर कुंकळ्येकरांनी सही केली:
ग्रेड तीन. लवकर बोलवा.
'लवकर'खाली दोन रेघा.
त्या दोन रेघा सदतीस दिवस
ट्रेमध्ये एकमेकींशेजारी पडून राहिल्या.

फोन लागत नव्हता असं नाही.
लागत होता, हेच वाईट.
बायण्याचा मौलासाब उचलायचा, वेल्डिंगवाला,
मागे ठिणग्यांची चरचर,
'राँग नंबर' म्हणून ठेवून द्यायचा.
आम्ही शेरा लिहायचो: संपर्क झाला नाही.
खाली तारीख, खाली सही.
चार शेरे, एकही रकाना रिकामा नाही.
फाइल उघडणाऱ्याला वाटावं
काम किती नेटकं चाललंय.

तेव्हा खोल्याच्या डोंगरउतारावर
मिरची लाल होत होती.
गोकुळी खुडत होती,
सारवलेल्या खळ्यावर पसरत होती,
डाव्या हाताने जरा कमी.
नवऱ्याने विचारलं तर म्हणायची,
"फोन आयलो ना, म्हणजे सगळें बरें."
आमच्या गप्प बसण्यालाच तिने
रिपोर्ट म्हणून वाचलं.
चुकीचं काय वाचलं?
शाळेत, कचेरीत, बँकेत
कुणी बोलावलं नाही की आपलं ठीक असतं.

पाचव्या वेळी मौलासाबने फोन ठेवला नाही.
"मॅडम, ही बाई कोण?
महिनाभर शोधताय. काय झालंय तिला?"
मला सांगता येत नव्हतं. नियम आहे.
"सांगू नका," तो म्हणाला,
"पण कागद बघा एकदा.
माझं माप चुकलं तर मी पत्र्याला दोष देत नाही,
आधी टेप बघतो."

मूळ चिठ्ठी काढली. खिडकीशी धरली.
एक होता.
कोयती खांद्यावर घेऊन
इतके दिवस तिथेच उभा.

ती आली तेव्हा गाठ तीन पूर्णांक चार,
आणि काखेत आणखी एक,
वाटाण्याएवढी, नवी.
ही दुसरी कुणाची, असं कुठल्याच फॉर्मवर विचारत नाहीत.
मी मनात रकाना आखला
आणि माझं नाव भरलं.

औषध सुरू झालंय. चौथा हप्ता परवा.
डॉक्टर टक्क्यांत बोलतात,
मी त्यांच्या टेबलापासून लांब थांबते.
आता नंबर भरला की त्याच मिनिटाला लावते,
माणूस समोर बसलेला असतानाच.
त्याच्या खिशात घंटी वाजते, तो दचकतो,
मी हसून ठेवते.
रांगेतले लोक कुरकुरतात.
सिस्टर एर्मेलिंदांचे दहा आकडे
मॉनिटरच्या कडेला चिकटवलेत.

आणि एक पुडी आहे माझ्या खणात,
वर्तमानपत्रात बांधलेली, सुतळीने.
पहिल्या दिवशी गोकुळीने आणली होती,
"फोन केलेल्या बाईला" म्हणून.
खोल्याची मिरची, पाव किलो असेल.
घेतली मी. नाही म्हणता आलं नाही.
अजून सोडलेली नाही.
कागद जुना दिसतोय, महिन्या-दीड महिन्यापूर्वीचा.
दिवसभर तारखाच तपासते मी.
ती तेवढी पाहिलेली नाही.